पेनाच्या टोकावरचा निन्जा

हा खेळ खेळायचा तर यंत्र आडवं करावं लागतं, एखादं लहानसं पुस्तक उघडून धरावं तसं. डाव्या पानावर नकाशा, उजव्या पानावर निन्जा. डावखुऱ्यांसाठी पानांची अदलाबदल करून मिळते. एका हाताने यंत्र पेलायचं आणि दुसऱ्या हातात काडीएवढं प्लास्टिकचं पेन धरायचं. बटणं आहेत, पण खुद्द लढाईत त्यांना एकच काम ठेवलं आहे. कुठलंही दाबा, निन्जा तलवार आडवी धरून समोरचा वार अडवतो. धावणं, उडी मारणं, वार करणं, चक्रं फेकणं, सगळं पेनाने.

खेळाचं नाव ‘निन्जा गायडेन: ड्रॅगन सोर्ड’. मार्च 2008 मध्ये तो जपान आणि अमेरिकेत आला. तेक्मो कंपनीच्या ‘टीम निन्जा’ या चमूने तोमोनोबु इतागाकी यांच्या नेतृत्वाखाली तो बनवला, निन्टेंडो डीएस या हातातल्या यंत्रासाठी. माझ्या हाती मात्र तो पडला मुरूडला, आणि तोही परवापरवा. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला असतं. सुट्टीला येताना सामानातून अत्तराच्या बाटल्या, खजूर आणि मुलांसाठी त्या त्या वर्षीचं यंत्र यायचं. एका दोस्ताच्या घरी अशा जुन्या यंत्रांचा एक डबाच निघाला. त्यात हे होतं, चक्क पेनासकट. जुन्या डीएसमध्ये पेन सापडणं म्हणजे नशीबच. बहुतेक पेनं पहिल्या महिन्यातच कपाटाखाली गेलेली असतात.

खेळाचा नायक रियू हायाबुसा. तो पडद्यावर उभा असतो, आपण पेन जमिनीवर टेकवलं की तिकडे धावतो. दूरच्या शत्रूवर नुसतं टोक आपटलं की सुर्रकन चक्र सुटतं. शत्रूवरून आडवी रेघ मारली की तलवार आडवी फिरते. खालून वर ओढली की उडी, वरून खाली ओढली की जोरकस घाव. मी आधी नवशिक्यासारखा खसाखसा रेघोट्याच ओढल्या. दोस्ताचा मुलगा शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, “काका, घासू नका. ओढा. आणि थांबा.” तसं केलं, आणि पडद्यावरचा माणूस एकदम शहाण्यासारखा लढायला लागला.

बटणांच्या खेळात हात आणि तलवार यांच्यात एक करार पाठ करावा लागतो. अमुक बटण म्हणजे वार, तमुक म्हणजे उडी, दोन्ही एकदम म्हणजे तिसरंच काही. अंगठ्याने खाली दाबायचं आणि तलवार डावीकडे जायची, असला तो व्यवहार. इथे हात डावीकडे गेला की तलवार डावीकडे जाते. मनगटाला जे येतं तेच निन्जाला येतं. तासाभरातच मला वाटायला लागलं की आपण काही शिकत नाही आहोत, जुनंच काहीतरी आठवतो आहोत.

खेळात खोट नाही असं नाही. आपलाच पंजा पडद्यावर सावली धरतो, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातून आलेला शत्रू दिसतो तो बोटांखालून. सुरुवातीच्या शत्रूंना आंधळ्या रेघोट्याही पुरतात, त्यामुळे या मालिकेची जी कडक मास्तरकी प्रसिद्ध आहे ती इथे बरीच मवाळ झाली आहे. कथेत अपहरण झालेली मोमिजी, जादूचे खडे आणि दुष्ट टोळी आहे. ती विसरलो तरी काही बिघडत नाही. पेन मात्र विसरता येत नाही.

आता हे घडतं कसं ते पाहू, कारण खरी गंमत तिथून सुरू होते.

डीएसचा पेनाचा पडदा म्हणजे 256 बाय 192 ठिपक्यांची जाळी. तिच्यावर एकमेकांना न चिकटलेले दोन पारदर्शक थर असतात. दोन्हींच्या समोरासमोरच्या अंगाला इंडियम टिन ऑक्साइडचा लेप असतो. हा पदार्थ काचेसारखा आरपार दिसू देतो आणि धातूसारखी वीजही वाहू देतो. दोन थरांमध्ये डोळ्यांना न दिसणारे बारीक ठिपके असतात, ते थरांना लांब ठेवतात. पेन टेकलं की वरचा थर तेवढ्याच जागी वाकतो आणि खालच्याला शिवतो.

मग यंत्र काय करतं? एका थराच्या एका कडेला विजेचा दाब देतं, दुसरी कडा शून्यावर ठेवतं. एका कडेपासून दुसरीपर्यंत तो दाब उतरंडीसारखा सारखा कमी होत जातो. थर जिथे शिवले तिथला दाब दुसरा थर टिपतो. दाब निम्मा आला तर पेन बरोबर मध्ये, पाव आला तर शून्याच्या कडेजवळ. एवढ्याने आडवं स्थान कळलं. लगेच थरांच्या भूमिका बदलायच्या आणि उभं स्थान काढायचं. आतली चिप हा दाब 0 ते 4095 अशा आकड्यांत मोजते. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या ठिपक्यांपेक्षा पेनाची नोंद कितीतरी बारीक. यंत्रात दोन प्रोसेसर आहेत, आणि ही पेनाची चाकरी त्यांतल्या धाकट्याकडे असते. थोरला चित्रं आणि युद्ध सांभाळतो.

या साधेपणातून दोन परिणाम निघतात. पहिला असा की या पडद्याला काय टेकलं याची पर्वा नसते. पेन चालेल, नख चालेल, आइसक्रीमची काडी चालेल. आजच्या फोनचा पडदा बोटातून जाणाऱ्या विद्युतभारावर चालतो. त्यामुळे मांडव्याच्या बोटीत खाऱ्या पाण्याचे तुषार उडाले की फोन वेड्यासारखं वागायला लागतो, पाण्याच्या थेंबालाच बोट समजतो. डीएसला थेंब कळतच नाही, त्याला फक्त दाब कळतो. कोकणातल्या पावसाळ्यासाठी हा जुना पडदा जास्त लायक होता असं माझं प्रामाणिक मत आहे. दुसरा परिणाम असा की त्याला एका वेळी एकच जागा समजते. दोन ठिकाणी दाबलं तर तो दोन्हींच्या मधलं कुठलंतरी ठिकाण सांगतो. म्हणून पंजा पडद्यावर टेकवून लिहायची ज्यांची सवय आहे, त्यांचा निन्जा भलतीकडेच वार करतो.

गंमत म्हणजे काळाचा वारा उलट वाहत होता. जानेवारी 2007 मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी पेनाची भर सभेत टिंगल केली होती. बोट असताना पेन कशाला, हा त्यांचा मुद्दा. त्याच काळात जगभरची मुलं पेन घेऊन डीएसवर बसली होती. त्या यंत्राच्या सगळ्या आवृत्त्या मिळून 15 कोटी 40 लाखांहून जास्त नग विकले गेले.

पेनाची जागा यंत्र एका सेकंदात साधारण 60 वेळा विचारतं. म्हणजे पाव सेकंदात मारलेला वार यंत्राच्या दृष्टीने पंधरा ठिपके असतो. पहिला ठिपका कुठे, शेवटचा कुठे, मधला प्रवास किती वेगाचा, एवढ्यावरून ‘आडवा घाव’ की ‘उडी’ हे ठरतं. यंत्राने तलवार पाहिलेलीच नाही, त्याच्याकडे फक्त ओळीने आलेले आकडे आहेत. आणि अक्षरसुद्धा आकड्यांची अशीच ओळ असते.

याच ठिकाणी मी खेळ थांबवून पडद्याकडे बघत बसलो.

हायाबुसाकडे तलवारीखेरीज मंत्रविद्याही आहे, खेळात तिला निन्पो म्हणतात. ती वापरायची तर कोपऱ्यातलं चिन्ह दाबायचं. युद्ध थबकतं आणि पडद्यावर एक मोठं अक्षर उमटतं. ते पेनाने गिरवायचं. नीट गिरवलं की विद्या सुटते आणि शत्रूंची धूळधाण होते. हे अक्षर जपानी नसतं. ते संस्कृत असतं.

त्यातली काही वळणं ओळखीची वाटतात, काही साफ परकी. जपानमध्ये संस्कृत अक्षरं लिहितात ती सिद्धम् नावाच्या लिपीत. भारतात ती केव्हाच वापरातून गेली. जपानमध्ये अजून जिवंत आहे, देवळांत, थडग्यांवर, मृतांच्या नावाने उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर. तिथल्या शिंगोन पंथात प्रत्येक देवतेला एक बीजाक्षर असतं. महावैरोचनाचं ‘अ’ किंवा ‘वं’. अचल या उग्र देवतेचं ‘हां’. जपानी जिभेवर ‘वं’चं ‘बान’ झालं आणि ‘हां’चं ‘कान’, पण अक्षराचं रूप जसंच्या तसं राहिलं. निन्जांच्या गोष्टींत मंत्र आणि हातांच्या मुद्रा असतात, त्यांचाही उगम याच गूढ बौद्ध परंपरेत आहे. तेव्हा व्हिडिओ गेममधल्या निन्जाने संस्कृत अक्षर गिरवणं हे चमत्कारिक असलं तरी उपटसुंभ नाही.

ती अक्षरं तिथे पोहोचली कशी? शुभकरसिंह नावाचा भारतीय आचार्य इ. स. 716 मध्ये चीनच्या चांगआन राजधानीत मंत्रमार्गाचे ग्रंथ घेऊन पोहोचला. पुढे 804 मध्ये कूकाइ हा जपानी भिक्षू समुद्र ओलांडून त्याच शहरात आला. हुइग्वो या गुरूकडून त्याने दीक्षा घेतली, प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृतचे धडे गिरवले आणि 806 मध्ये तो परतला. मंत्राचा उच्चार आणि मंत्राचं रूप, दोन्ही अचूक हवीत असा त्या पंथाचा आग्रह होता, म्हणून लिपीही मंत्राबरोबर गेली. याहून जुना पुरावाही आहे. जपानच्या होर्यू-जी मंदिराकडे ताडपत्रावरची एक संस्कृत पोथी होती, ती आता टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यात शेवटी सगळी वर्णमाला लिहिलेली आहे, एखाद्या विद्यार्थ्यासाठी लिहावी तशी.

वर्णमालेचं तर पुढे आणखीच काही झालं. जपानी मुलं आज आपली मुळाक्षरं ज्या क्रमाने म्हणतात तो क्रम असा आहे: स्वर अ, इ, उ, ए, ओ, मग व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्याकडच्या पहिलीतल्या कुठल्याही मुलाला यात दोनच गोष्टी खटकतील. ‘च’च्या जागी ‘स’ का, आणि ‘प’च्या जागी ‘ह’ का? उत्तर जपानीच्या इतिहासात आहे. आजचा जपानी ‘ह’ प्राचीन काळी ‘प’ होता. ‘स’चा जुना उच्चारही ‘च’च्या जवळचा असावा असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. ते दोन बदल मागे फिरवले की उरतं क, च, त, न, प, म, य, र, व. कंठापासून ओठांपर्यंत, आपल्याच वर्णमालेच्या वाटेने.

मुरूडच्या त्या घराच्या गच्चीवरून जंजिरा दिसतो. तो राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी आहे. हीच खाडी आत आत शिरत गेली की मांदाडजवळ तिचं टोक येतं आणि तिथल्या डोंगरात तळा तालुक्यातली कुडा लेणी आहेत. एकूण 26 लेणी, बौद्ध, साधारण 2000 वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली. मांदाडचा संबंध ग्रीक लेखकांच्या मंदगोर बंदराशी जोडतात. कुड्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दानलेख आहेत. ब्राह्मी ही सगळ्यांची आजी. तिच्या एका शाखेतून पुढे सिद्धम् निघाली आणि जपानला गेली, त्याच शाखेतून नागरीही निघाली आणि इथेच राहिली.

दानलेख वाचले की त्या काळच्या बाजारपेठेत उभं राहिल्यासारखं होतं. सोमदेव नावाचा वैद्य आहे. एक फुलमाळी आहे. कऱ्हाडहून आलेला लोखंडाचा व्यापारी आहे. आणि सहाव्या लेण्यात एक लेखक आहे. त्याचं नाव शिवभूती. त्याचं घराणं महाभोज मांदव खंदपालित या स्थानिक अधिपतीच्या पदरी होतं. दान दिलं आहे ते शिवभूतीच्या धाकट्या भावाने, शिवमाने, आणि त्याच्याबरोबर बायको विजया आणि मुलंबाळंही दानात सामील आहेत. कोरीवकाम कुणाकडून, खांब कुणाकडून, याची वाटणीसुद्धा लेखात नोंदवली आहे. लेखात वडिलांचं नाव सुलसदत्त आणि आईचं उत्तरदत्ता. धाकट्याची ओळख सांगताना थोरला भाऊ ‘लेखक’ आहे हे आवर्जून सांगावंसं वाटलं, म्हणजे अक्षर काढता येणं ही या किनाऱ्यावर मिरवायची गोष्ट होती.

शिलालेखाचं काम सहसा दोन हातांचं असे. अक्षर जाणणारा दगडावर आखून देई, मग पाथरवट त्या रेघांवर छिन्नी चालवी. पाथरवट अक्षर गिरवत असे असंच म्हणायचं. पुढे पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर काडीने धुळाक्षरं गिरवू लागली: फळीवर धूळ पसरायची, अक्षर काढायचं, हाताने पुसायचं, पुन्हा काढायचं. काडी, सपाट पाटी, जागच्या जागी पुसली जाणारी रेघ, आणि चुकलं तर मास्तरांचा फटका. डीएसवर फटका शत्रू मारतो. बाकी सगळं तेच.

यंत्र मात्र गिरवलेलं अक्षर ओळखतं कसं? या एका खेळाच्या पोटात नेमकी काय कृती आहे ते त्याच्या कर्त्यांनाच ठाऊक, पण अशा ओळखीची एक सुंदर साधी रीत 2007 मध्येच वॉशिंग्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी मांडली. रीत म्हणजे शंभरेक ओळींचा प्रोग्राम, आणि त्यांनी तिला नाव दिलं एक डॉलरचं, म्हणजे स्वस्त आणि मस्त. हात कधी सावकाश चालतो, कधी भरभर, त्यामुळे ठिपके कुठे दाट पडतात, कुठे विरळ. म्हणून आधी रेघेवर सारख्या अंतराने 64 ठिपके नव्याने मांडायचे. मग आकृती फिरवून एका ठरलेल्या कलात आणायची. मोठी असो वा लहान, ताणून एका मापाची करायची. तिचा मध्य सरकवून ठरलेल्या जागी ठेवायचा. शेवटी तिचा पहिला ठिपका नमुन्याच्या पहिल्या ठिपक्यापासून किती लांब, दुसरा दुसऱ्यापासून किती लांब, असं करत 64 अंतरांची सरासरी काढायची. ज्या नमुन्याशी ती सर्वांत कमी येईल ते अक्षर.

यात रेघेची दिशाही महत्त्वाची ठरते. दिसायला हुबेहूब तेच अक्षर उलट्या टोकापासून काढलं तर पहिला ठिपका शेवटच्याशी जुळवला जातो आणि यंत्र मान हलवतं. बालवाडीत बाई हात धरून ‘इथून सुरू कर’ म्हणायच्या, त्याचं कारण तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

हा खेळ असं करणारा पहिला नव्हता. 2005 च्या ‘कॅसलव्हेनिया: डॉन ऑफ सॉरो’मध्ये राक्षसाला संपवताना पेनाने मुद्रा काढावी लागे, आणि 2007 च्या ‘झेल्डा: फँटम अवरग्लास’मध्ये नायक सबंध पेनावरच चाले. पण त्यांत काढायच्या खुणा कुणाच्याच नव्हत्या. इथे गिरवायचं अक्षर आपल्या घरातलं आहे, समुद्र आणि वाळवंटं ओलांडून तिकडेच राहिलेलं, आणि आता एका जपानी खेळातून खोबणीत बसलेल्या कार्डाच्या रूपाने आखातमार्गे मुरूडला पोहोचलेलं.

नागरी शाखेचा पत्ताही याच किनाऱ्यावर आहे. अलिबागपासून जवळच आक्षी गावात एक कोरीव शिळा आहे, भाषा मराठी, लिपी नागरी. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी तिच्यावरचा शक 934 असा वाचला, म्हणजे इ. स. 1012. हे वाचन धरलं तर मराठीतला तो सर्वांत जुना कालोल्लेख असलेला लेख ठरतो. काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत आणि ते चालू राहोत. मला आवडतं ते हे की एकाच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दोन-तीन तासांच्या अंतरात, शिवभूतीच्या काळची ब्राह्मी आणि आपल्या ओळखीची नागरी दोन्ही उघड्यावर वाचायला मिळतात.

खेळाबद्दल माझा निकाल असा: लढाई म्हणून मध्यम, कथा म्हणून किरकोळ, पेन म्हणून अप्रतिम. कुणाच्या घरी जुना डीएस पडून असेल तर घासून बघू नका, ओढून बघा. आणि कुड्याला गेलात तर सहाव्या लेण्यात थांबा. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून काही लोक त्यांवर खडू फिरवतात, त्याने दगड खराब होतो. त्याऐवजी फोनचा टॉर्च भिंतीच्या अगदी कडेला तिरपा धरा. खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि लेख हात न लावता वाचता येतो.